वळवाची संध्याकाळ आणि खुंटीवरचा पंप

कणकुंबीत मृगाचा पाऊस एकदा लागला की फवारणीचा पंप खुंटीला जातो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, चोर्ला घाटातून धुकं वर चढतं आणि झड दिवसच्या दिवस हटत नाही. भातावर मारलेलं औषध पानाला धरायला काही तासांची उघडीप लागते, आणि इथं नेमकी तीच मिळत नाही. जांबोटीवरून बेळगाव, पुढं हुक्केरी, निपाणी असं खाली येत गेलं की पाऊस विरळ होतो. ऊस, सोयाबीन, मिरची, तंबाखू सुरू होते आणि पंप खांद्यावर येतो. जिल्हा एकच, पण किडीशी वागायच्या रीती दोन. वरच्या माणसाला फवारणी जमत नाही म्हणून बांध, पाणी आणि रोप यांच्याकडं लक्ष द्यावं लागतं. खालच्याला फवारणी जमते, म्हणून पुष्कळदा तो बाकीचं विसरतो.

यात थोडा दोष शब्दाचाही आहे. किडीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. औषध घ्यायचं ते आजार दिसल्यावर, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळं पान करपलेलं दिसलं, शेंडा वाळलेला दिसला की मग दुकान आठवतं. पण बहुतेक किडींच्या बाबतीत नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत त्यांचं काम निम्म्याहून जास्त उरकलेलं असतं.

हुमणीचंच बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात उसाचं बेट पिवळं पडतं, हलकं ओढलं तरी सगळं हातात येतं. खाली उकरलं की पांढुरकी, बोटाएवढी जाड, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी. शेतकरी मग खोडाभोवती औषध ओतत सुटतो. अळी तेव्हा पूर्ण वाढीला आलेली असते आणि मुळांच्या जाळ्यात बसलेली असते. तिच्यापर्यंत औषध पोचतं ते फार थोडं, आणि पोचलं तरी एवढी मोठी अळी सहजी मरत नाही.

तीच हुमणी मे महिन्यात झाडावर बसलेली होती. वळवाचा पहिला दमदार पाऊस पडून जमीन भिजली की त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, तपकिरी भुंगेरे मातीतून वर येतात. ते बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथंच नर-मादी एकत्र येतात आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. एक मादी 50-60 अंडी घालते. म्हणजे त्या रात्री फांदी हलवून खाली पडलेली एक मादी रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकली, तर पावसाळ्यातल्या पन्नासेक अळ्या जन्मालाच येत नाहीत. याला लागतं काय? बॅटरी, काठी, ताडपत्री, बादली आणि पोरंटोरं. हा खेळ मुलांना भारी आवडतो, हे सांगायला कुठल्या संशोधन केंद्रात जायला नको.

अडचण वेगळीच आहे. भुंगेरा बांध मानत नाही. मी माझ्या झाडावरचे वेचले आणि शेजाऱ्यानं वेचले नाहीत, तर त्याच्या निंबावरची मादी माझ्या उसात उतरून अंडी घालणारच. म्हणून हे काम सगळ्या शिवारानं एकदम, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर ओळीनं काही संध्याकाळी करायचं असतं. कृषी विद्यापीठं आणि साखर कारखाने सामूहिक मोहिमेचा आग्रह धरतात तो याचसाठी. त्यातूनही ज्या अळ्या निपजतील, त्या जून-जुलैत लहान असतात. तेव्हा मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत दिली तर ती अळ्यांना रोगानं मारते. सप्टेंबरात तीच बुरशी तेवढा गुण देत नाही.

ऊसवाल्यांना आणखी एक साल विसरता येणार नाही, 2002. त्या पावसाळ्यात सांगलीकडं उसाच्या पानाखाली पांढरी लोकर दिसली आणि काही महिन्यांतच ती कृष्णाकाठानं कर्नाटकात, बेळगावच्या बाजूलाही उतरली. लोकरी मावा. त्याआधी ही कीड आपल्याकडं ईशान्य भारत आणि बंगालच्या बाजूची म्हणून ठाऊक होती. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिलंच घालते, त्यामुळं संख्या बघता बघता वाढते. वरच्या पानांखाली बसून मावा रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. उसाचा फड वरून पांढरा आणि खालून काजळी लावल्यासारखा दिसू लागतो. जनावरांसाठी वाडं एका गावातून दुसऱ्या गावात गेलं, त्याच्याबरोबर मावाही गेला.

लोकांनी साहजिकच पंप उचलले. पण आठ-दहा फूट उंच, आडवातिडवा झालेल्या उसात पानाच्या खालच्या बाजूला फवारा पोचवायचा कसा? आत शिरणाऱ्या माणसाच्याच तोंडावर औषध यायचं. अखेर लढाई फिरवली ती तीन लहानग्या जिवांनी. डिफा हा एका पतंगाचा सुरवंट, माव्याच्या वसाहतीत जाळं विणून आतल्या आत मावा फस्त करणारा. मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक, त्याची अळी मावा शोषून खाते. हे दोघं आपल्याच उसात सापडले, त्यांची संख्या वाढवून ते सोडण्यात आले. तिसरी एनकार्सिया, माव्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. ती आसामातून आणली गेली. बेंगळुरूचं जैविक कीड नियंत्रण संचालनालय, धारवाडचं कृषी विद्यापीठ, पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशा संस्था या कामात होत्या. पण शेवटची मजल शेतकऱ्यानं मारली. डिफा असलेली पानं कापून तो आपल्या फडात टांगू लागला. ज्यानं मित्रकीटक दिसल्यावर फवारणी थांबवली, त्याचा मावा ओसरला. ज्यानं थांबवली नाही, त्यानं माव्याआधी डिफाच मारला. लोकरी मावा आजही अधूनमधून दिसतो, पण त्याची दहशत गेली.

संकेश्वरच्या मिरचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पानं आकसली, चुरडामुरडा आला की सगळ्यांना एकच औषध दिलं जातं. तिथं पान हातात धरून नीट बघावं. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर ते काम फुलकिड्यांचं. कडा खाली वळल्या, देठ लांबला तर ते कोळ्याचं. कोळी हा कीटकच नव्हे. त्याला पाय आठ, तो नात्यानं जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या आणि गोचिडीच्या घरातला. कीटकाचं औषध मारून तो बहुधा मरत नाही. उलट कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारली तर कोळ्याला खाणारे जीव मरतात आणि कोळी दुप्पट जोमानं उठतो. त्याच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक हा जुना आणि स्वस्त उतारा आहे, फक्त तो रणरणत्या उन्हात मारू नये. भिंग थोडक्या पैशांत मिळत असताना शेकडो रुपयांची चुकीची बाटली का घ्यावी, हे मला कधी उमगलेलं नाही.

भातातला तपकिरी तुडतुडाही असाच आपण ओढवून घेतो. दाट लावण, युरियाची खैरात आणि बुंध्याशी कायम तुंबलेलं पाणी हे त्याला हवं तसं घर. दहा-बारा ओळींनंतर एक पट्टा मोकळा सोडला आणि पाणी अधूनमधून काढून टाकलं तर त्याचं बस्तान बसत नाही. कणकुंबीकडच्या पावसात पाणी काढणं कठीण असतं, पण युरिया आवरणं आपल्याच हातात आहे.

आणि काजू. पावसाळा सरला की कोवळी पालवी फुटते, त्यामागून मोहोर येतो. ढेकण्या ही कीड नेमकी या कोवळ्या भागात सोंड खुपसते, शेंडे काळे पडून वाळतात. पालवी, मोहोर आणि बी धरणं या तीन वेळी बागेत फेरी मारली तर तिला वेळीच गाठता येतं. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडावर असतील तर त्यांना हुसकू नये, चावल्या तरी त्या राखणदार आहेत. खोडाच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला तर आत रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आहे असं समजावं. साल तासून, तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढावी. झाड पूर्ण पिवळं पडल्यावर काही उपाय उरत नाही.

फवारणी लागतेच तेव्हा डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. तोंडाला फडकं, हातमोजे, वाऱ्याची दिशा, हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका.

आता मे उजाडेल. पहिला वळीव पडला की त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला हाक मारा आणि बॅटरी-बादली घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली जा.