मित्र ताऱ्याची वाटचाल

जूनच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास रायपूरच्या दक्षिण क्षितिजावर, जेमतेम आठ अंश उंचीवर, ‘मित्र’ तारा दिसतो. तो एक नसून जोडतारा आहे, हे फादर रिशो यांना १६८९ साली पुदुच्चेरीहून दुर्बिणीतून आढळले. हे दोन तारे सुमारे ८० वर्षांत परस्परांभोवती प्रदक्षिणा पुरी करतात.

आज ही जोडी ४.३७ प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या वर्णपटातील रेषा जांभळ्या टोकाकडे सरकलेल्या आहेत. अर्थात ती सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर वेगाने सूर्याच्या जवळ येत आहे. मग टक्कर होईल काय? नाही. तिला आडवी गतीही आहे. म्हणून सुमारे २८,००० वर्षांनी, तीन प्रकाशवर्षांचे अंतर राखून, ती दूर जाऊ लागेल. पावसाळी ढग येण्यापूर्वी हा पाहुणा अवश्य पाहावा.