रात्रीची कयाक : दिवे नेमके कशासाठी?

उन्हाळ्यात शिकागोच्या मध्यवस्तीतून वाहणाऱ्या नदीवर दिवस मावळला की कयाकांच्या रांगा निघतात. पुढे एक वाटाड्या, मागे एक, मधे हौशी वल्हेकरी, प्रत्येक बोटीवर दिवा. अशा सहली आता जगातल्या अनेक शहरांत होतात आणि कुठे कुठे तर बोटीच्या काठाभोवती किंवा पारदर्शक तळाखाली रंगीत एलईडी पट्ट्याही लावतात. छायाचित्रांत हे सारे फार देखणे दिसते. त्यावरून लोकांचे दोन तट पडतात. एकांना वाटते, बोट उजळली की रात्रीची भीती गेली. दुसऱ्यांना वाटते, काळोखात एवढ्याशा होडीतून भर शहराच्या नदीत उतरणे हा जिवाशी खेळ आहे. दोघांची मते उलटसुलट असली तरी गृहीतक एकच आहे. पाण्यावर रात्रीचा शत्रू म्हणजे अंधार, असे दोघेही धरून चालतात. शिकागोच्या नदीवर तर अंधार मिळणेच मुश्कील. तिथला खरा प्रश्न अतोनात प्रकाशाचा आहे, आणि तो नीट समजला की कयाकवरचा दिवा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हेही स्पष्ट होते.

पहिला गैरसमज असा की हा दिवा वल्हवणाऱ्याला वाट दिसावी म्हणून असतो. वल्हवणाऱ्याची दृष्टी पाण्यापासून जेमतेम दीड-दोन हात उंचीवर असते. एवढ्या खालून लहानसा दिवा पुढचे पाणी उजळू शकत नाही. उलट तो नजरेसमोर असेल तर डोळे दिपवतो. मंद उजेडात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका फ्लॅशने तो सराव क्षणात मोडतो. शहरात तो कधी पुरता होतच नाही. दोन्ही काठांवर उजळलेल्या काचेच्या इमारती, पाण्यात त्यांची हलती प्रतिबिंबे, आणि मधूनच पुलाखालचा काळा पट्टा. झगझगाटातून पुलाखाली शिरताना काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडून बोट येत असू शकते. म्हणून जाणता वाटाड्या पुलाआधी रांग आवळून घेतो, पलीकडे कोण आहे ते पाहतो आणि मगच पुढे सरकतो. दिव्याची जागाही त्याने विचार करून ठरवलेली असते. मागच्या बाजूला, डोक्याच्या वर, म्हणजे चहूबाजूंनी दिसेल पण वल्हवणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही.

हा दिवा दुसऱ्यासाठी असतो, आणि कायद्याचीही हीच भूमिका आहे. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांप्रमाणे वल्ह्यांवर चालणाऱ्या बोटीने रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा, किंवा पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी ठेवून टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवावी. शिडाच्या बोटीसारखे रंगीत दिवे लावण्याची मुभा आहे, सक्ती नाही. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आणि १९७७पासून अमलात असलेले आंतरराष्ट्रीय नियमही वल्ह्याच्या होडीकडून जवळपास हेच मागतात. भारताने ते स्वीकारलेले आहेत, त्यामुळे मालवणच्या किंवा मुंबईच्या समुद्रात रात्री निघणाऱ्या छोट्या होडीसाठीही नियम वेगळा नाही. शोभेच्या दिव्यांचा प्रश्न याच नियमांत सुटलेला आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरवून दिलेल्या दिव्यांखेरीज दुसरे दिवे लावायचे तर तीन अटी पाळाव्या लागतात : ते अधिकृत दिव्यांसारखे वाटता कामा नयेत, अधिकृत दिव्यांना झाकोळता कामा नयेत आणि सभोवार नजर ठेवण्यात अडथळा आणता कामा नयेत.

या अटी कागदी वाटतात, पण त्यांच्यामागे पक्का व्यवहार आहे. मोठ्या बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. समोर फक्त तांबडा दिसला तर कप्तान समजतो की त्या बोटीची डावी बाजू आपल्याकडे आहे, म्हणजे ती आपल्या डावीकडे निघाली आहे. या वाचनावर तो क्षणार्धात सुकाणू वळवतो. आता एखाद्या कयाकच्या काठावर तांबडी-हिरवी पट्टी हवी तशी झळकत असेल तर कप्तानाला चुकीचा निरोप मिळतो. निळा लुकलुकणारा दिवा तर अमेरिकेत पोलीस आणि तटरक्षक बोटींचा. म्हणजे रंगीत दिवा सरसकट निरुपद्रवी असतो हा समज चुकीचा आहे. पांढरा, स्थिर आणि सगळीकडून दिसणारा दिवा आधी. शोभा त्यानंतर, आणि तीही त्या दिव्यावर मात न करणारी.

बरे, नियमाप्रमाणे दिवा लावला, तरी तो दिसेलच असे नाही. नदीकाठच्या मर्चंडाइज मार्ट या १९३०मध्ये उघडलेल्या अवाढव्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर २०१८पासून रात्री प्रकाशचित्रे दाखवली जातात. सुमारे अडीच एकरांचा हा पडदा ३४ प्रक्षेपक उजळतात आणि त्याचे रंग थेट पाण्यावर पसरतात. त्या रंगांत एका कयाकचा एकटा दिवा प्रवासी बोटीच्या कप्तानाला आणखी एक प्रतिबिंब वाटू शकतो. शिवाय हा खेळ पाहायला कयाकवाल्यांना तिथेच थबकावेसे वाटते, म्हणजे जिथे दिवा ओळखणे सर्वांत कठीण तिथेच ते स्थिर होतात. सहलीची खरी किंमत इथे कळते. एका काठाला धरून, सारख्या अंतराने, सारख्या वेगाने सरकणारे आठ-दहा दिवे प्रतिबिंबासारखे दिसत नाहीत. त्यांच्या शिस्तीमुळे ती माणसे आहेत हे दुरून ओळखू येते. एकट्या दिव्याला अर्थ नसतो, रांगेला असतो. ती रांग उजव्या काठाने ठेवणे, नदी ओलांडायची तर सगळ्यांनी मिळून सरळ आडवी ओलांडणे, लाट आली की बोटीची नाळ लाटेकडे वळवायला सांगणे ही वाटाड्याची कामे आहेत, आणि ती कोणतीही पट्टी करू शकत नाही. नदीच्या या पट्ट्यात लाटा उठतील अशा वेगाने बोट हाकायला मनाई आहे. तरीही मोठ्या बोटीमागे उठणारी लाट पोलादी आणि काँक्रीटच्या उभ्या भिंतींवर आपटून परत येते, आणि रात्री ही परतीची लाट आधी दिसत नाही, थेट जाणवते.

मग मोठ्या बोटीतूनच रात्रीची नदी पाहावी, छोटी होडी उलटते, असे कोणी म्हणेल. याला याच नदीचा इतिहास उत्तर देतो. २४ जुलै १९१५ रोजी क्लार्क आणि लासाल या रस्त्यांच्या दरम्यान धक्क्याला बांधलेली 'ईस्टलँड' ही प्रवासी आगबोट जागच्या जागी कलंडली. एका कंपनीचे कामगार सहकुटुंब सहलीला निघाले होते. बोटीवर अडीच हजारांहून अधिक माणसे होती. सकाळची वेळ, पाणी जेमतेम वीस फूट, काठ हाकेच्या अंतरावर, आणि तरी ८४४ जण गेले. ही बोट मुळातच वरून जड होती. 'टायटॅनिक'नंतर कडक झालेल्या सुरक्षेच्या धोरणामुळे तिच्यावर आणखी जीवरक्षक नौका आणि तराफे चढवले गेले होते, आणि त्या वजनाने तिचा तोल अधिकच बिघडला. सुरक्षेचे साधन वाढले म्हणजे सुरक्षितता वाढलीच, असे नसते, याचा याहून कठोर पुरावा सापडणार नाही. बोटीचा तोल ती किती मोठी आहे यावर ठरत नाही, ती किती रुंद आहे आणि वजन किती खाली आहे यावर ठरतो. सहलीच्या रुंद कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो, त्यामुळे शांत पाण्यात ती सहसा आपणहून उलटत नाही. ती उलटते ती कोणी उभे राहिल्याने, शेजारच्या बोटीला धरायला झुकल्याने किंवा फोटोसाठी वळल्याने.

आणि उलटली तर? पोहता येते, मग काळजी नाही, हा समज दिव्याच्या समजापेक्षा घातक आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३च्या अहवालानुसार हौशी नौकानयनातल्या ज्या मृत्यूंचे कारण कळले, त्यांतले चारपैकी तीन बुडून झाले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी लाइफ जॅकेट घातलेले नव्हते. पट्टीचा पोहणाराही थंड पाण्यात पडला की पहिल्या मिनिटात त्याचा श्वास ताब्यात राहत नाही, आणि साधारण दहा मिनिटांत हातापायांतले बळ ओसरू लागते. शिकागोत वसंत ऋतूत हवा उबदार झाली तरी पाणी गारच असते. हवा पाहून कपडे घालणारे इथेच फसतात. त्यात काठाच्या उभ्या भिंती अशा की शिडी हाताशी नसेल तर चढून वर येता येत नाही. उलट पोहता न येणारा माणूस नीट बांधलेले जॅकेट घालून वाटाड्याच्या नजरेच्या टप्प्यात असेल, तर त्याची बाजू अधिक बळकट असते. अमेरिकेचा कायदा प्रौढांसाठी जॅकेट बोटीवर असण्याची सक्ती करतो, अंगात असण्याची नाही. चांगला आयोजक कायद्याच्या पुढे जाऊन ते अंगात घातल्याशिवाय कोणालाही बसू देत नाही.

शहराची नदी म्हणजे गटार, हा समज शिकागोबाबत एकेकाळी खराच होता. शहर पिण्याचे पाणी मिशिगन सरोवरातून घेई आणि सांडपाणी नदीवाटे त्याच सरोवरात जाई. म्हणून २ जानेवारी १९०० रोजी सुमारे ४५ किलोमीटर लांबीच्या नव्या कालव्यात पाणी सोडून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला गेला, आणि ती मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहू लागली. (१८८५च्या वादळानंतर कॉलऱ्याने नव्वद हजार माणसे मेली म्हणून हे काम झाले, अशी एक कथा अजूनही सांगितली जाते. ती निखालस खोटी आहे. तेव्हा शहराची वस्तीच सात लाखांच्या आसपास होती.) पुढे १९७५पासून पावसाचे आणि सांडपाण्याचे लोंढे साठवणारे खोल बोगदे खणले गेले, आणि २०१५-१६मध्ये दोन मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत पाणी निर्जंतुक करण्याची सोय झाली. १९७०च्या दशकात नदीत जेमतेम दहा जातींचे मासे उरले होते, आता सत्तरहून अधिक आढळतात. सप्टेंबर २०२५मध्ये या नदीत सुमारे शतकानंतर प्रथमच पोहण्याचा संघटित कार्यक्रम झाला. मात्र दिलासा सशर्त आहे. मुसळधार पावसानंतर सांडपाणी आजही नदीत उतरू शकते, आणि रात्री पाण्याचा रंग पाहून ते ओळखता येत नाही. तेव्हा वल्हवून झाल्यावर हात धुण्यापूर्वी काही खाऊ नये, अंगावर उघडी जखम असेल तर जाऊ नये, आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबावे.

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. नदी हा कामाचा रस्ता आहे. तिथे मालवाहू तराफे ढकलणाऱ्या बोटी फिरतात, ज्यांच्या नाळेपुढचा बराच मोठा पट्टा चालकाला दिसतच नाही. मग रात्री हौशी लोकांना तिथे येऊच का द्यावे? मला वाटते, बंदीने प्रश्न सुटत नाही. नदी सार्वजनिक आहे, कयाक स्वस्त झाल्या आहेत, आणि सहली बंद केल्या तर लोक वाटाड्याविना, दिव्याविना, एकेकटे उतरतील. अरुंद जलमार्गात मोठ्या बोटीची वाट लहान बोटीने अडवू नये, हा नियम आहेच. तो पाळायला शिकवणारी सर्वांत सोपी शाळा म्हणजे नीट चालवलेली सहल. रात्रीच्या दिव्यांमुळे पक्षी मरतात, हा आक्षेपही ऐकण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये एका रात्रीत शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या सरोवरकाठच्या इमारतीच्या काचांवर आपटून जवळपास हजार स्थलांतरी पक्षी मेले. तो दोष उजळलेल्या खिडक्यांचा होता, आणि पुढच्या वर्षी काचांवर ठिपक्यांचे आवरण बसवल्यावर मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. कयाकचा दिवा त्या हिशेबात नगण्य आहे. तरी दिवा गरजेपुरताच असावा, हे पक्ष्यांनाही मानवते आणि कप्तानालाही.

मुलांकडे उन्हाळ्याला शिकागोत जाणारे कितीतरी मराठी आईवडील हल्ली अशा सहलींची चौकशी करतात. त्यांनी वयाचा फार बाऊ करू नये. दोन तास पाठ ताठ ठेवून बसता येत असेल आणि खांदे दुखत नसतील, तर शांत रात्री हे जमण्यासारखे आहे. मात्र पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा की किती जणांमागे एक वाटाड्या आहे, जॅकेट सक्तीचे आहे का, पांढरा दिवा प्रत्येक बोटीवर आहे का, उलटलेल्या माणसाला पुन्हा बोटीत कसे घेता, आणि वारा किंवा वीज असेल तर सहल रद्द करून पैसे परत देता का. रंगीत दिवे किती आहेत हेच तो उत्साहाने सांगत बसला, तर त्याच्याकडे जाऊ नका.