छोट्या फंक्शनांचा संग्रह : आज्ञालेखनाचा पहिला प्रकल्प

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला प्रकल्प कोणता घ्यावा, असा प्रश्न शिक्षकांपुढे नेहमी असतो. खेळ वा चित्रे यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. तथापि नित्य उपयोगाच्या लहान आज्ञासमूहांचा, म्हणजेच फंक्शनांचा, संग्रह तयार करणे हा अधिक फलदायी प्रारंभ होय. एकच हिशेब दहा ठिकाणी लिहिला की चूकही दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते. तो एकदाच लिहून त्यास नाव द्यावे आणि लागेल तेथे त्या नावाने बोलवावे, एवढेच यामागील तत्त्व आहे.

ही कल्पना नवी नव्हे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. त्याचे उपआज्ञासमूह छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर जतन केले जात, आणि विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ मध्ये त्यांविषयी ग्रंथही प्रसिद्ध केला.

संग्रहात काय असावे? लीप वर्ष ओळखणारे फंक्शन घेऊ. चाराने भाग जातो तेवढे पाहून भागत नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० मात्र होते. कारण शतकाच्या वर्षास चारशेने भाग जावा लागतो. रकमेत १२,३४,५६७ अशी आपल्या पद्धतीची स्वल्पविरामे घालणारे फंक्शनही उपयोगी पडेल.

खरी परीक्षा पूर्णांकनाची. पायथॉन या भाषेत अडीचचे पूर्णांकन केल्यास उत्तर तीन न येता दोन येते आणि साडेतीनचे चार येते. बरोबर निम्मा अपूर्णांक असल्यास जवळची सम संख्या घ्यावी, असा तेथील नियम आहे. करपावतीवर मात्र ५० पैशांचा रुपया धरावयाचा असेल, तर रक्कम पैशांत ठेवून त्यात ५० मिळवावे, शंभराने भागावे आणि बाकी सोडून द्यावी. एका कार्यालयात पावत्यांची बेरीज व गोषवारा यांतील तीन रुपयांची तफावत शोधण्यात अख्खी दुपार गेलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. दोन ठिकाणी पूर्णांकनाचे दोन नियम लिहिलेले होते!

मराठीचा प्रश्न निराळाच आहे. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा; पायथॉन मात्र त्याची लांबी सात सांगते, कारण हलन्ताची चिन्हे व मात्रा ती वेगळ्या मोजते. नावे ठराविक रुंदीच्या रकान्यात बसविताना हे ध्यानी ठेवावे लागते.

लहान फंक्शन म्हणून त्यास क्षुल्लक समजू नये. मार्च २०१६ मध्ये मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे अवघ्या ११ ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी थांबली.

वर्गात हे काम जोडीने करावे. एकाने फंक्शन लिहावे. दुसऱ्याने, ते न पाहता, अपेक्षित उत्तरांची यादी आधीच तयार करून त्याची चाचणी घ्यावी. शून्य, ऋण रक्कम, रिकामे नाव ही उदाहरणे यादीत हवीतच. २९ फेब्रुवारीस जन्मलेला विद्यार्थी वर्गात असल्यास वय काढणारे फंक्शन तपासण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे.