काडी ओढण्यापूर्वी

कोकणातील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या आपल्यातील अनेक कुटुंबांच्या गावाबाहेर आंब्या-काजूच्या बागा आहेत. बाग घेताना आपण पाणी पाहतो, रस्ता पाहतो, सातबारा तर डोळ्यांत तेल घालून वाचतो. मात्र पावसाळ्यानंतर बेणणी होते, वाळक्या फांद्या तोडल्या जातात आणि बांधाकडेला काटक्या-पातेऱ्याचे ढीग उभे राहतात, तेव्हा त्यांचे काय करावे हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते. गडी म्हणतो, "शेठ, काडी लावून टाकू." आपण मान डोलावतो.

मीही डोलावली होती. फाल्गुनातला रविवार होता. सोमवारी दुकान उघडायचे म्हणून घाई होती. खांद्याइतका उंच ढीग आम्ही जेवण उरकून, तीनच्या सुमारास पेटविला. अर्ध्या तासात समुद्राकडचा वारा चढला. एक जळते पान गडग्यापलीकडे शेजाऱ्यांच्या वाळक्या गवतात पडले आणि दिवेलागणीपर्यंत त्यांची बावीस काजूची झाडे करपून गेली. भरपाई मी दिली, त्यांनी ती घेतलीही. परंतु पुढे दोन वर्षे त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. दुसऱ्या दिवशी ढिगाच्या राखेत मला एका धामणीचे वेटोळे सापडले. ते मी कोणाला दाखविले नाही.

श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत दवाग्निदापन म्हणजे रान पेटविणे हे एक आहे. लहानपणी पाठ केलेल्या त्या यादीतला हा शब्द माझ्या हातून घडू शकेल असे मला कधी वाटले नव्हते. कापडाच्या दुकानदाराचा रानाशी काय संबंध?

तिसऱ्या वर्षी तेच वृद्ध शेजारी बेणणीच्या वेळी गडग्यावर येऊन बसले. माझे ढीग पाहून म्हणाले, "शेठ, ढीग पेटवायचा नसतो. ढिगातून जाळाला घास द्यायचा असतो." सगळी विद्या या एका वाक्यात आहे. ढीग महिनाभर पडून राहिला की तो घर होतो. सरडे, सापसुरळ्या, विंचू, उंदीर आणि उंदरांमागून आलेले साप त्यात राहू लागतात. त्यालाच काडी लावली तर आतल्यांना वाट उरत नाही आणि बाहेरच्या आपल्याला जाळावर ताबा उरत नाही. म्हणून ढिगापासून पंधरा-वीस पावलांवर, झाडांच्या पसाऱ्याबाहेर मोकळी जागा निवडावी. तेथे चारी बाजूंना दहा फूट जमीन दाताळ्याने खरवडून लाल माती उघडी करावी आणि मध्यभागी गुडघ्याएवढा लहान जाळ करावा. मग ढिगातील एकेक फांदी उचलून, झटकून, त्याला द्यावी. झटकताना जीव सुटतात. जयणा पाळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. जाळ भडकू लागला की हात थांबवावा. पाच मिनिटांत तो आपसूक बसतो. मोठ्या ढिगाला असे थांबविता येत नाही.

वेळेचे गणित त्यांनीच सांगितले. किनारपट्टीवर दिवस चढला की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि दुपारी त्यांचा जोर असतो. रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात व सकाळपर्यंत मंदावतात. त्या दोहोंमधली सकाळची दोन-तीन तासांची उसंत हीच जाळाची वेळ. गवतावर दवही असते. उजाडण्यापूर्वी मात्र काडी ओढू नये, कारण अंधारात फांदीवर काय बसले आहे ते दिसत नाही. साडेनऊनंतर नवी फांदी द्यायची नाही. महिनाही महत्त्वाचा. मार्गशीर्षात जमिनीत ओल असते. फाल्गुनात गवत कापरासारखे पेटते, शिवाय आंब्याला मोहोर व कैरी असते आणि धग त्यांना सोसत नाही.

रॉकेल-पेट्रोल ओतण्याची हौस अनेकांना असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत पायांपर्यंत येते आणि काडी ओढताच पेटविणाऱ्यालाच वेढते. वाळका पातेरा पुरेसा आहे. बांबूची पेरे फुटून निखारे उडतात, म्हणून बांबू चिरूनच टाकावा. बिब्ब्याचे लाकूड आणि काजूची टरफले तर जाळूच नयेत. बिब्बा उततो हे आपण जाणतो. त्याचा धूरही तसाच डोळ्यांना व फुप्फुसांना बाधतो. धंद्यातले म्हणून एक सांगतो: जाळाजवळ जाताना सुती कपडे घालावेत. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते.

माती उकरलेले दोन घमेले, पाण्याचे पिंप आणि हिरव्या पाल्याच्या फांद्या जाळ करण्यापूर्वीच जवळ असाव्यात. एका माणसाने नुसते वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहून उडणारी पाने पाहावीत. ते काम मुलांना देऊ नये. बाग राखीव वनाला लागून असेल तर अधिकच जपावे. वनाला धोका होईल असा जाळ करणे किंवा जळता सोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आगीबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेत कलम २८७ आहे.

खरे तर पुष्कळसे जाळण्याची गरजच नसते. पातेरा कलमांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घातला की ओल टिकते, जाड फांद्या गावातली माणसे सरपणाला आनंदाने नेतात. खोडकिडा लागलेले लाकूड तेवढे जाळावे लागते, कारण ते पडून राहिले तर कीड शेजारच्या झाडांत जाते. आमच्याकडे आता पूर्वीच्या पाचव्या हिश्शाएवढेही जाळावे लागत नाही.

विझविण्यात आपण सर्वांत अधिक कसूर करतो. वरची राख पांढरी झाली म्हणजे जाळ संपला असे नव्हे. पाणी ओतावे, फावड्याने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन, ऊब नाही याची खात्री झाल्यावर, आत घालून पाहावी. जमिनीखालच्या वाळक्या मुळांतून निखारा धुमसत राहतो आणि भलतीकडे वर येतो, म्हणून जुन्या बुंध्याजवळ जाळ करूच नये. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहण्यास जावेच.

गेल्या मार्गशीर्षात काम आटोपून आम्ही हातपाय धूत होतो. शेजारी गडगा ओलांडून आले. खाली बसून त्यांनी माझ्या राखेत हात घातला, दोन-तीन ठिकाणी चाचपून पाहिले आणि धोतराला हात पुसत म्हणाले, "शेठ, परवा दुकानात येतो. नातवाला शर्टपीस हवाय."