'आयएसओ प्रमाणित' : पाटीमागचे सत्य कसे तपासावे?



कमलनगरहून उदगीर, लातूर किंवा बिदरला गेल्यावर 'आयएसओ ९००१ प्रमाणित' अशी पाटी ठिकठिकाणी दिसते. दहावीनंतर पुष्कळ पालक ही पाटी पाहून संगणक केंद्रात किंवा क्लासमध्ये फी भरतात. संस्थेसाठी बाके किंवा पाण्याचे यंत्र घ्यायचे झाले तर विक्रेतेही दरपत्रकासोबत असेच प्रमाणपत्र जोडतात. 'दिसते तसे नसते' हे आपण मुलांना शिकवतो. म्हणून हे प्रमाणपत्र खरे की खोटे, हे तपासण्याची रीत सर्वांना माहीत असावी.

आयएसओ ही १९४७ साली स्थापन झालेली जागतिक संघटना असून तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. ती फक्त मानके तयार करते, प्रमाणपत्र कोणालाही देत नाही. त्यामुळे 'हे प्रमाणपत्र थेट आयएसओने दिले' असे कोणी सांगितले, तर तेथेच सावध व्हावे.

प्रमाणपत्र देतात त्या वेगळ्या संस्था. त्या कंपनीत येऊन कामकाज व नोंदी तपासतात. पण तपासणाऱ्याला कोण तपासणार? भारतात हे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे 'एनएबीसीबी' हे मंडळ करते. इतर देशांतही अशी मंडळे आहेत. शाळेला जशी मान्यता लागते, तशीच ही मान्यता समजा. मात्र अशा मान्यतेवाचूनही प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतील काही तर तपासणीला न येता, पैसे भरताच कागद पाठवतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नाव व पत्ता : ते याच कंपनीचे, याच शाखेचे आहे काय?

२. काम : कोणत्या कामासाठी दिले आहे? फर्निचर विक्रीचे प्रमाणपत्र पाण्याच्या यंत्राला लागू होत नाही.

३. मुदत : ती साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मध्ये दरवर्षी तपासणी होते. '९००१:२००८' असे लिहिलेली प्रमाणपत्रे सप्टेंबर २०१८ नंतर ग्राह्य नाहीत.

४. देणारी संस्था : तिचे संकेतस्थळ स्वतः शोधून प्रमाणपत्राचा क्रमांक तेथे तपासावा. कागदावर छापलेल्या फोनवर विसंबू नये. मग त्या संस्थेला एनएबीसीबी किंवा तशाच परदेशी मंडळाची मान्यता आहे का, हे त्या मंडळाच्या यादीत पाहावे.

प्रमाणपत्र खरे निघाले तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीबद्दल असते, वस्तूबद्दल नसते. आणि एखाद्या केंद्राच्या अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता आहे, असाही त्याचा अर्थ नाही. फी भरण्यापूर्वी कोणत्या मंडळाची किंवा विद्यापीठाची मान्यता आहे हे विचारून त्या मंडळाकडेच खात्री करावी. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग स्वतः प्रसिद्ध करतो.

वस्तूसाठी आयएसआय चिन्ह पाहावे. हे चिन्ह भारतीय मानक ब्यूरोचे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये टाकल्यावर उत्पादकाचे नाव व परवाना चालू आहे की नाही हे कळते. खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आणि दुचाकीच्या हेल्मेटला जून २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे झाले. खोटे चिन्ह असलेले हेल्मेट अपघातात जिवावर बेतू शकते. सोन्याच्या हॉलमार्कमधील सहा अक्षरी-अंकी क्रमांकही याच ॲपवर तपासता येतो.

२०१५ च्या सुमारास महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणी जमवून आयएसओ मानांकन घेतले. त्या निमित्ताने कित्येक शाळांचा कायापालट झाला. आपणही घ्यावे, अशी सूचना अधूनमधून येते. विश्वस्तांना माझी विनंती आहे की, घ्यायचे तर मान्यताप्राप्त संस्थेकडून, प्रत्यक्ष तपासणी करवूनच घ्यावे. नुसत्या पाटीसाठी पालकांच्या वर्गणीतला एक रुपयाही खर्चू नये.

विद्यार्थ्यांनी या रविवारी घरातील हेल्मेट व कुकरवरील परवाना क्रमांक पालकांच्या मदतीने तपासावा, वहीत लिहावा आणि सोमवारी विज्ञानाच्या तासाला दाखवावा.

— मुख्याध्यापक