लेकर्स बिघडले नव्हतेच

२०१२च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सनं केलेली भरती पाहून अमेरिकेतल्या बास्केटबॉलवेड्यांनी पुढच्या हंगामाचा निकाल जवळपास लावूनच टाकला होता. कोबी ब्रायंट आणि पाऊ गॅसोल संघात आधीपासून होतेच. जुलैमध्ये त्यांच्या जोडीला स्टीव्ह नॅश आला. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू हा मान त्यानं दोनदा मिळवला होता. ऑगस्टमध्ये चार संघांच्या एका मोठ्या अदलाबदलीतून ड्वाइट हॉवर्ड आला. तो २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. त्याच्या बदल्यात लेकर्सनं सोडलेला अँड्र्यू बायनम गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फिलाडेल्फियाकडून पुढे एकही सामना खेळू शकला नाही. सौदा म्हणून पाहिलं तर लेकर्सची चांदीच झाली होती.

मग हंगाम सुरू झाला. पहिल्या पाचपैकी चार सामने हरल्यावर प्रशिक्षक माइक ब्राउन यांना नारळ मिळाला. नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला. एप्रिलमध्ये कोबीच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. ८२पैकी ४५ सामने जिंकून संघानं सातव्या क्रमांकानं बाद फेरी गाठली आणि तिथे सॅन अँटोनियोनं त्याचा ४-० असा फडशा पाडला. आदल्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे हंगाम ६६ सामन्यांचाच झाला होता. त्यात लेकर्सनं ४१ जिंकले होते, म्हणजे ८२ सामन्यांच्या हिशेबानं ५१. एक्कावन्नचे पंचेचाळीस झाले! एवढे तारे आणून संघ बिघडवला, हा शेरा तेव्हा बसला तो आजतागायत कायम आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि चूक बास्केटबॉलच्या समजेतली नाही, हिशेबातली आहे.

एक नाणं ८२ वेळा उडवा. सरासरी ४१ छापे पडायला हवेत, पण नेमके ४१ क्वचितच पडतील. संख्याशास्त्रात या चढउताराचं माप काढायची सोपी रीत आहे: ८२चं वर्गमूळ काढायचं आणि निम्मं करायचं. उत्तर येतं साडेचार. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या तोडीस तोड असलेला, तसूभरही न बदललेला संघ निव्वळ योगायोगानं एका वर्षी ३७ आणि दुसऱ्या वर्षी ४५ सामने जिंकू शकतो. दोन हंगामांची तुलना करताना दोन्हींकडचा योगायोग एकत्र येतो आणि हे माप सहाच्या पुढे जातं. लेकर्सची घसरण होती सहा विजयांची.

विजयांच्या आकड्यात एवढा योगायोग मिसळलेला असेल, तर तो गाळायचा कसा? एक उपाय बेसबॉलमधून आला. बिल जेम्स या अमेरिकी आकडेशास्त्र्यानं दाखवलं, की किती सामने जिंकले यापेक्षा एकूण किती धावा केल्या आणि किती दिल्या यावरून संघाची ताकद जास्त चांगली कळते. एका गुणानं जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना तक्त्यात सारखेच दिसतात. ताकदीचा पुरावा म्हणून ते सारखे नसतात. पुढे ह्यूस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापक झालेले डॅरिल मोरी यांनी हे सूत्र बास्केटबॉलसाठी बसवलं. संघानं केलेल्या गुणांचा १३.९१वा घात घ्यायचा आणि केलेल्या व दिलेल्या गुणांच्या तशाच घातांच्या बेरजेनं त्याला भागायचं; एकूण सामन्यांपैकी किती हिस्सा जिंकायला हवा, ते उत्तरात येतं. घातांकच एवढा मोठा असल्यामुळे सामन्यामागे एका गुणाचा फरकसुद्धा हंगामात अडीच-तीन विजयांचा होतो.

आता लेकर्सचे आकडे त्यात घालू. २०११-१२मध्ये त्यांनी सामन्यामागे सरासरी ९७.३ गुण केले आणि ९५.९ दिले. सूत्राप्रमाणे ६६ सामन्यांत त्यांचे विजय व्हायला हवे होते ३६, प्रत्यक्षात झाले ४१. काट्याचे सामने त्या वर्षी त्यांच्या बाजूनं झुकले होते. ८२ सामन्यांचा हंगाम धरला तर त्या संघाची खरी लायकी ४५ विजयांची. पुढच्या वर्षी, नॅश आणि हॉवर्डसह, त्यांनी १०२.२ गुण केले आणि १०१ दिले. सूत्र सांगतं ४४, प्रत्यक्षात ४५. संघ होता तिथेच होता! आदल्या वर्षीचं फुगलेलं यश हीच पायरी धरल्यामुळे तो घसरल्यासारखा दिसला.

यावर ‘दुखापती झाल्या म्हणून’ हा युक्तिवाद हमखास येतो. नॅश तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि हॉवर्डच्या पाठीवर संघात येण्याआधी एप्रिलमध्येच शस्त्रक्रिया झाली होती. करारावर सही करताना ही जोखीम डोळ्यांसमोर होती. तिला नंतर दुर्दैव म्हणायचं मला पटत नाही.

याच्या अगदी उलट कथा बोस्टन सेल्टिक्सची. २००६-०७मध्ये त्यांनी फक्त २४ सामने जिंकले. त्यात सलग १८ पराभवांची मालिकाही होती. तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत झुकतं माप मिळतं. बोस्टनची नजर तेव्हा पहिल्या दोन क्रमांकांवर होती, पण सोडतीत हाती लागला पाचवा. मग तोच पाचवा क्रमांक आणि दोन खेळाडू सिॲटलला देऊन त्यांनी रे ॲलन आणला. ३१ जुलै २००७ रोजी पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मिनेसोटाला देऊन केव्हिन गार्नेट आणला. पुढच्या हंगामात ६६ विजय आणि विजेतेपद. एका वर्षात ४२ विजयांची वाढ हा एनबीएचा विक्रम ठरला.

पण ही ४२ची ४२ वाढ दोन सौद्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. २००६-०७मध्ये बोस्टननं सामन्यामागे ९५.८ गुण केले आणि ९९.२ दिले. सूत्राप्रमाणे ३१ विजय व्हायला हवे होते. म्हणजे काहीही न करता, नशीब पूर्वपदावर आल्यानंसुद्धा सातेक विजय वाढले असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलेली सरासरीकडची ओढ ती हीच. तळाशी गेलेले पुढच्या खेपेला बहुधा वर येतात. शिवाय बोस्टनचा हुकमी खेळाडू पॉल पिअर्स आदल्या हंगामात जखमी होऊन ४७च सामने खेळला होता. त्याचं तंदुरुस्त होणं ही काही खरेदी नव्हे. आणि त्याच उन्हाळ्यात बचावाची आखणी करणारे टॉम थिबोडो साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आले. आता श्रेय वाटणार कसं?

आकडे एक धागा देतात. नव्या संघानं १००.५ गुण केले आणि ९०.३ दिले. आक्रमणात पावणेपाच गुणांची भर, बचावात जवळपास नऊ गुणांची. त्या उन्हाळ्यात सगळी चर्चा तीन धडाकेबाज गुणवीरांची होती, पण सुधारणेचा दोन तृतीयांश वाटा बचावाचा निघाला. गार्नेट त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला. तिघांचे स्वतःचे गुण मात्र घटले: पिअर्स २५ वरून १९.६, गार्नेट २२.४ वरून १८.८, ॲलन २६.४ वरून १७.४. तिघांची बेरीज ७३.८ होती, ती ५५.८ झाली.

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव झाला की धावांच्या आणि बळींच्या सरासऱ्या मांडून संघांची तुलना होते. क्रिकेटमध्ये ते बऱ्यापैकी खपून जातं, कारण एकाचं शतक दुसऱ्याची बॅट काढून घेत नाही. बास्केटबॉलमध्ये पाचजणांत चेंडू एकच असतो, आणि प्रत्येक ताबा २४ सेकंदांत संपवावा लागतो. पंचवीस गुण करणारे तिघे एकत्र आले म्हणून पंचाहत्तर होत नाहीत; फायदा झालाच तर तो अचूकतेत दिसतो. वाट्याला कमी पण सोपे फटके आले आणि गार्नेटची मैदानी गोलांची टक्केवारी ४७.६ वरून ५३.९ झाली. २०१४ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात रोडरिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी दावा केला, की फार गुणवत्ता एकवटली की बास्केटबॉल आणि फुटबॉल संघांची कामगिरी उलट घसरते. बेसबॉलमध्ये तसं होत नाही. एनबीएची आकडेवारी पुढे पुन्हा तपासणाऱ्यांना ही घसरण सापडली नाही. प्रत्येक नव्या ताऱ्याचा फायदा आधीच्यापेक्षा कमी होत जातो, पण तोटा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोस्टनकडे पाहता मला दुसरी बाजू जास्त पटते.

गार्नेटसारख्याचा बचाव मोजायचा कसा, हा मात्र खरा कठीण प्रश्न आहे. गोल त्यानं केलेला नसतो, चेंडूही हिसकावलेला नसतो. तो फक्त अशा जागी उभा असतो, की समोरच्यानं आत घुसण्याचा विचार सोडून द्यावा. अर्थतज्ज्ञ डॅन रोझेनबॉम यांनी २००४मध्ये मांडलेली रीत अशी: दर वेळी खेळाडू बदलला की सामन्याचा एक तुकडा पडतो. त्या तुकड्यात मैदानावर कोण दहाजण होते आणि गुणफरक किती झाला, एवढंच नोंदवायचं. हंगामभरात असे हजारो तुकडे जमतात. प्रत्येक तुकडा हे एक समीकरण, आणि प्रत्येक खेळाडू हा त्यातला एक अज्ञात. सगळी एकदम सोडवली की सोबतचे आणि समोरचे खेळाडू वजा जाऊन एकेकाचं मोल उरतं. अडचण एकच, की दोघे कायम एकत्रच खेळत असतील तर श्रेय कोणाचं हे समीकरणांनाही कळत नाही. त्यावर उपाय म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी प्रत्येकाचं मोल मुद्दाम सरासरीकडे थोडं खेचायला सुरुवात केली. पुरावा कमी असेल तर मत सौम्य, असा त्याचा अर्थ. आज एनबीए संघांचे विश्लेषक याच घराण्यातली मापं वापरतात.

विजय आणि ताकद यांची फारकत सर्वात स्पष्ट दिसली ती गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या बाबतीत. २०१५-१६मध्ये ७३ विजयांचा विक्रम करूनही ते अंतिम फेरीत क्लीव्हलंडकडून हरले. त्या उन्हाळ्यात केव्हिन ड्युरँट त्यांच्याकडे आला आणि पुढच्या वर्षी विजय झाले ६७, म्हणजे सहा कमी. तरीही सरासरी गुणफरक १०.८ वरून ११.६ झाला; सूत्राच्या विजयांचा आकडा ६५ वरून ६७ झाला; आणि बाद फेरीत १७पैकी १६ सामने जिंकून त्यांनी विजेतेपद नेलं. तेव्हा उन्हाळी भरतीनं तुमचा संघ सुधारला का, यावर मित्रांशी वाद घालायची वेळ आली, तर तक्त्यातला विजयांचा रकाना थोडा वेळ झाकून ठेवा आणि दोन्ही वर्षांचा गुणफरक आधी बघा.