रक्तदाबाची गोळी गावातच मिळाली तर

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून गोळी सुटते, आणि पक्षाघाताचा झटका आल्यावरच आजाराची आठवण होते. दोष एकट्या रुग्णाला देऊ नये. एसटीने तालुक्याला जायचं, मजुरी बुडवायची, रांगेत ताटकळायचं आणि हाती मोजक्याच दिवसांच्या गोळ्या! असे उपचार जन्मभर कोण चालू ठेवील?

२०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हीच अडचण ओळखली. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. औषधांचा क्रम ठरवून दिलेला असतो. दाब १४०/९०च्या खाली आला नाही, तर डोस वाढवायचा किंवा दुसरं औषध जोडायचं. औषधं निवडक असल्याने साठा राखणं सोपं जातं. गोळ्या निदान महिनाभराच्या, शक्यतो घराजवळच्या केंद्रात. परिचारिका दाब मोजून नोंद ठेवते, आणि ठरल्या तारखेला न आलेल्याची चौकशी होते. मला ही चौकशीच सर्वांत मोलाची वाटते. एरवी उपचार सोडलेला माणूस कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिशी ओलांडली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्या. गोळी चालू असेल, तर बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नका.